पुण्यात पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देतोय – ११ महिने की ३६? सोसायटी, डिपॉझिट, दुरुस्ती

सिंहगडरोडकर

वडगाव बुद्रुकला ६२० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे, तिसरा मजला. आत्तापर्यंत आम्हीच राहत होतो, आता नाशिकला बदली झाल्यामुळे भाड्याने द्यायचा आहे. बाजारभाव ५५ लाखांच्या आसपास.

एजंटचं म्हणणं: भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार, ११ महिन्यांचा करार. "वर्षाच्या आतला आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू." सेक्रेटरी म्हणतात आधी सोसायटीची ना हरकत घ्या, शिवाय दरमहा ५०० रुपये नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्क). मेंटेनन्स सध्या २,५०० आहे.

नोटरी चालते का? ५०० रुपये बरोबर आहेत का? आणि चावी देण्याआधी फ्लॅटमध्ये काय काय करून घ्यावं? नंतर नाशिकहून दर आठवड्याला धावत येणं जमणार नाही.

वहिवाट

नोटरी अजिबात नको. ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही हा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यावरून आलाय, तो इतर राज्यांत चालत असेल. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत तीन महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, एजंटची नाही आणि भाडेकरूचीही नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा त्याच कलमातली पुढची ओळ जास्त महागात पडते. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर. म्हणजे त्याने "भाडं १२ हजार ठरलं होतं आणि डिपॉझिट दीड लाख दिलं" असं सांगितलं की धावपळ तुमची.

उलट करार नोंदलेला असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघत नसेल, तर दिवाणी कोर्टात न जाता थेट या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर जागा सोडण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहिला त्याचं नुकसान ठरलेल्या शुल्काच्या (करारात भाड्याला शुल्क म्हणतात) दुप्पट दराने. हे फक्त राहत्या घराला. दुकानाच्या गाळ्याला हा रस्ता नाही, कोणी एकच मसुदा दोन्हीकडे वापरत असेल तर सांभाळा.

म्हणून करारात सगळ्यात आधी तपासायची ती तारीख. भाड्याचा आकडा लोक दहा वेळा वाचतात आणि मुदत संपण्याचा दिवस "११ महिने" एवढाच लिहून सोडतात. "दि. अमुकपासून दि. तमुकपर्यंत, दोन्ही दिवस धरून" असं लिहा.

नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर मसुदा भरायचा, मुद्रांक शुल्क भरायचं, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधारवर आधारित अंगठे आणि फोटो द्यायचे. मशीन घेऊन घरी येणारे लोक पुण्यात पैशाला पासरी आहेत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि त्यात परत करायच्या डिपॉझिटवर १० टक्के वार्षिक व्याज धरून मिळवायचं. तुमच्या ११ महिन्यांचा हिशेब: भाडं १,९८,०००, डिपॉझिटचं व्याज ५,५००, बेरीज २,०३,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे पाचशे-सहाशेच्या घरात. एजंट "सगळं मिळून सहा हजार" म्हणाला तर वेगळी पावती मागा.

आकडेमोड

११ की ३६ यावर वहिवाट यांनी सांगितलं नाही, मी सांगतो. ३६ महिने, दरवर्षी ५ टक्के वाढ: पहिलं वर्ष २,१६,०००, दुसरं २,२६,८००, तिसरं २,३८,१४०. डिपॉझिटचं व्याज १८,०००. बेरीज ६,९८,९४०, मुद्रांक शुल्क सुमारे १,७५० आणि नोंदणी फी एकदाच १,०००. तेच तीनदा ११ महिने केलं तर सरकारी खर्चच साडेचार हजार, शिवाय एजंटचे दर वेळचे. ६० महिन्यांच्या वर मात्र जाऊ नका, मग तो करार शुल्कासाठी भाडेपट्ट्यात मोडतो आणि दर वेगळा लागतो.

पण नॉन-ऑक्युपन्सीचे ५०० आधी. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार गृहनिर्माण संस्थेला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे. बिल हातात घ्या. वॉचमन, सफाई, कार्यालय, जिन्याचे दिवे, छपाई हे सेवा शुल्क. पाणी, मिळकत कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी), दुरुस्ती निधी, पार्किंग त्यात येत नाही. तुमच्या २,५०० मधले सेवा शुल्काचे १,८०० असतील तर नॉन-ऑक्युपन्सी १८०. एकरकमी २,५०० आकारून बिलात फोडच देत नसतील तर लेखी फोड मागा. ती मागितल्यावर निम्मे वाद आपोआप मिटतात.

एक गोष्ट मात्र पुण्यात हमखास चुकते. पाटीवर "सोसायटी" लिहिलेलं असतं आणि कागदोपत्री असतं अपार्टमेंट. वरचा आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांना आहे. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये (अपार्टमेंटच्या घोषणापत्रात) काय लिहिलंय ते वाचावं लागेल. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे का बघा. असेल तर सोसायटी.

ना हरकतीबद्दल: आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार) पूर्वपरवानगीची गरज नाही. लेखी कळवायचं, नोंदलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची प्रत द्यायची आणि आपल्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायची. पण सेक्रेटरींशी पहिल्याच दिवशी कायदा काढून भांडू नका. लिफ्ट बंद पडल्यावर भाडेकरूला त्यांच्याच दारात जायचंय.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. मिळकत कर. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत देते, त्यासाठीच तो पीटी-३ फॉर्म असतो. भाड्याने दिल्यावर ती सवलत राहत नाही. पालिकेला कळवा, नाहीतर पाहणीत सापडल्यावर मागच्या फरकासकट बिल येतं. आणि ४० टक्के सवलत गेली म्हणजे बिल ४० टक्क्यांनी वाढेल असं नाही. ६० चे १०० होतात, म्हणजे साधारण दोन तृतीयांशाने वाढतं. आज ८,४०० भरत असाल तर १४,००० धरून चाला.

हे सगळं धरून खरा परतावा मांडा. दोन भाडेकरूंच्या मधला एक महिना रिकामा, म्हणजे १,९८,००० हाती. त्यातून मेंटेनन्स ३०,०००, मिळकत कर १४,०००, नॉन-ऑक्युपन्सी २,१६०, दुरुस्ती १२,००० आणि दलाली-करार मिळून वर्षाला ९,०००. उरले १,३०,८४०. ५५ लाखांवर २.४ टक्के, तेही प्राप्तिकराच्या आधी. एजंट १८ हजार गुणिले १२ करून चार टक्के सांगतो. आहे तो फ्लॅट देताय म्हणून ठीक, पण या आकड्यांवर कर्ज काढून दुसरा घ्यायला निघू नका.

प्राप्तिकरात भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग गृहकर्जाचं व्याज. मेंटेनन्स वेगळं वजा होत नाही. म्हणून भाडं "मेंटेनन्ससह १८,०००" न लिहिता "१५,५००, आणि मेंटेनन्स भाडेकरू थेट संस्थेला भरेल" असं लिहा. ११ महिन्यांत करपात्र रक्कम १९,२५० ने कमी होते, २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सुमारे चार हजार वाचतात, मुद्रांक शुल्कही थोडं कमी. धोका एकच: त्याने मेंटेनन्स थकवलं तर संस्था त्याला ओळखत नाही, थकबाकी सभासदाच्या नावावर चढते. म्हणून दर महिन्याला पावतीचा फोटो पाठवण्याची अट घाला.

वहिवाट

३६ महिन्यांचा हिशेब पटला, पण घाई नको. कलम २४ चा रस्ता सगळ्यात सरळ चालतो तो मुदत संपल्यावर. मधेच नोटीस देऊन रद्द केलंत तर वाद घालायला जागा राहते. अनोळखी माणूस, पहिलाच करार, मालक परगावी: ११ महिने करा. माणूस नीट निघाला तर पुढचा करार २४ किंवा ३६ चा. तीन हजार वाचवायला तीन वर्षं अडकवून घेणं मला तरी परवडत नाही.

पोलिसांना माहिती देणं सोडू नका, पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतं. आयुक्तांचा आदेश असतो आणि तो मोडल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. भाडेकरूच्या मित्राचं नाव करारात नसेल आणि तो तिथे राहत असेल तरी विचारणा तुम्हालाच. राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं नाव करारात घ्या.

पाना_पक्कड

कागद झाले, आता पाणी. भाड्याच्या घरातली बहुतेक भांडणं ओलीपासून सुरू होतात, म्हणून फ्लॅट रिकामा आहे तोवर हे करून घ्या. नंतर "आधीपासून होतं" आणि "तुमच्यामुळे झालं" यात वर्ष जातं.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी वाहून जायच्या भोकात) फडकं गच्च कोंबा, वर प्लास्टिकची पिशवी दाबा आणि दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा. उंबरा दोन इंचांपेक्षा ठेंगणा असेल तर दारात विटेची तात्पुरती आडवी आड घाला. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा, विशेषतः पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे. कोरडं असेल तर फोटो काढून ठेवा, तारखेसह. ओल दिसली तर आधी फरशीच्या सांधी. पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या असतील तर त्या गेल्या असं समजा, कारण तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळत असणार. त्याचे पांढरे डाग काढायला लोक ॲसिड ओततात आणि ॲसिड सगळ्यात आधी सिमेंट खातं. सांधी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, भरल्यावर किमान २४ तास पाणी लागू देऊ नका. तेवढ्याने भागलं नाही तर मग फरशी काढण्याचा विचार. पहिल्याच भेटीत "पूर्ण तोडावं लागेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

फ्लश टाकी: आत थोडा खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय. शंभर-दोनशेचं काम, पण न केल्यास रात्रंदिवस पाणी वाहतं आणि भाडेकरूला आवाजही येत नाही.

गीझर आणि बेसिनच्या जाळीदार जोडनळ्या पाच वर्षांपेक्षा जुन्या असतील तर दिसायला चांगल्या असल्या तरी बदला. आतली रबरी नळी फुटते ती नेमकी लोक सुट्टीला गावी गेल्यावर. घराचे मुख्य वॉल्व्ह, कॉर्पोरेशनचा आणि बोअरचा, दोन्ही फिरवून बघा. जाम असतील तर आत्ताच बदला. कोणता वॉल्व्ह कशाचा त्याचा फोटो भाडेकरूला पाठवून ठेवा. नाशिकहून फोनवर "डावीकडचा" सांगताना त्याचा उपयोग कळेल.

वीज: गीझर १६ अँपिअरच्या पॉइंटवरच हवा. दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, सहा अँपिअरच्या सॉकेटला तो जोडला की पिन काळी पडते. प्लग काढून पिना बघा, करपलेल्या दिसल्या तर सॉकेटसकट बदला. गीझर दोन किलोवॉटचा असेल तर अडीच चौरस मिलिमीटर वायर चालते. एसीला मात्र स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतःचा एमसीबी. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा, तिचं टी लिहिलेलं बटण दाबल्यावर ती पडलीच पाहिजे. पडत नसेल तर ती फक्त शोभेला आहे.

एसी भाडेकरूने स्वतः आणायचा असेल तर भिंतीचं भोक कुठे पाडायचं ते आधी ठरवा आणि लिहा. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. आत उतरतं पडलं की पावसाळ्यात भिंत फुगते आणि तो जातो तेव्हा एसी घेऊन जातो, भोक ठेवून जातो.

पावसाचं आणखी एक. सरकत्या खिडकीतून पाणी येतं म्हणून लोक खालच्या पट्टीला बाहेरून सिलिकॉन मारतात. उलटं होतं. त्या पट्टीला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. सिलिकॉन चौकट आणि भिंतीच्या मधल्या फटीत मारायचं, भोकांवर नाही.

आणि प्रत्येक भाडेकरू बदलला की लॅचचा सिलिंडर बदला. आधीच्याने किती चाव्या करून घेतल्या ते तुम्हाला कधीच कळत नाही.

दुबईकर

धागा वाचून एक प्रश्न. मी अनिवासी आहे, कोथरूडचा फ्लॅट २२ हजारांनी द्यायचा आहे. भाडेकरूने कर कापायचा असतो तो ५० हजारांच्या वरच ना?

आकडेमोड

नाही. महिना ५० हजारांपेक्षा जास्त भाडं असेल तर २ टक्के, हा नियम निवासी मालकासाठी. मालक अनिवासी असेल तर खालची मर्यादाच नाही, २२ हजारांवरही ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून भरावे लागतात. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो. कापले नाहीत तर खात्याची नोटीस भाडेकरूला जाते, म्हणून जाणकार भाडेकरू अनिवासी मालक म्हटलं की मागे सरतात. तुमचं भारतातलं एकूण उत्पन्न कमी असेल तर प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घ्या आणि करार करण्याआधी भाडेकरूला दाखवा. नाहीतर जास्तीची कपात विवरणपत्र भरून परत मिळते, पण पैसे तोवर अडकतात. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) घ्या. करारासाठी घरच्या कोणाला कुलमुखत्यारपत्र द्या. मात्र त्या माणसाने भाडं स्वतःच्या खात्यात घेतलं म्हणून तुमचा अनिवासी दर्जा बदलत नाही.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. करार ११ महिन्यांचा, नोंदणीकृत, हे पक्कं केलं. शेअर सर्टिफिकेट सापडलं, म्हणजे सोसायटीच आहे. बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलंय. शेवटचा प्रश्न: काही भाडेकरू शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणतात, त्याला उपाय काय?

वहिवाट

कायमचा उपाय नाही, पण तीन गोष्टींनी बराच आळा बसतो. "डिपॉझिट कोणत्याही महिन्याच्या शुल्कात वळतं केलं जाणार नाही, आणि सलग दोन महिने शुल्क थकल्यास लायसन्स रद्द करता येईल" ही अट स्पष्ट लिहा. डिपॉझिट चावी हातात आल्याच्या दिवशी, तिथल्या तिथे परत मिळेल हेही लिहा आणि तसं वागा. लोक भाडं बुडवतात ते बऱ्याचदा डिपॉझिट परत मिळणार नाही या भीतीने, आणि ती भीती मालकांनीच घालून ठेवलेली आहे. तिसरी गोष्ट जोडपत्र. त्यात पंखे किती, ट्यूब किती, गीझर कोणत्या कंपनीचा, चाव्या किती, वीज मीटरचा आकडा किती हे लिहून करारालाच जोडा. खोलीगणिक व्हिडिओ काढा, नळ चालू-बंद करून दाखवत, आणि त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा म्हणजे तारीख दोघांकडे राहते.

रंग आणि भिंतीतले खिळे यावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. वापराने फिका पडलेला रंग भाडेकरूकडून वसूल करू नका. फुटलेलं बेसिन, मोडलेलं दार, जळालेला ओटा हे करा, आणि तेही बिल दाखवून.

निघायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा फोटो काढा. शेवटचं बिल आलेलं नसतं, म्हणून मागच्या बिलाचा आकडा आणि आजचा आकडा यातला फरक युनिटमध्ये काढून अंदाजे रक्कम ठेवून घ्या, बाकी डिपॉझिट लगेच द्या. मीटर तुमच्या नावावर आहे, थकलं तर वीज तुमच्याच फ्लॅटची जाणार. पाइपचा गॅस त्याच्या नावावर घेतला असेल तर तो बंद केल्याची किंवा वर्ग केल्याची पावती घ्या.

आणि मुदत संपून तो नाहीच निघाला, तर कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका. तिथेच खटला उलटतो. मुदतीनंतर त्याने खात्यात पैसे टाकले, तर त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम मुदतवाढ म्हणून नव्हे, जागा अनधिकृतपणे ताब्यात ठेवल्याच्या नुकसानीपोटी, हक्क राखून जमा करत आहे. मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधीची आठवण आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा. पुढे द्यायचं की नाही ते त्या दिवशी विचारा, संपल्यावर नको.